सातबाऱ्याच्या खाली

चंद्रपूर-वणीच्या कोळसा पट्ट्यातल्या एखाद्या शेताचा सातबारा उघडून बघा. गट नंबर, हेक्टर-आर, आकारणी, बँकेचा बोजा, कापूस किती, तूर किती, सगळं त्यावर असतं. जमिनीच्या पोटात काय आहे याला मात्र रकाना नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या कलम ४८ ने खनिजांवरचा हक्क सरकारकडे राखून ठेवला आहे. शेत तुमचं, त्याखालचा कोळसा सरकारचा. खाणीबद्दल गावाला कधी आणि किती विचारायचं, हा वाद इथून सुरू होतो.

त्याचा पाया १९५७ साली घातला गेला. खाणी आणि खनिजांच्या विकास-विनियमनाचा केंद्रीय कायदा त्याच वर्षीचा. खाणपट्टा कोणाला द्यायचा हे केंद्र आणि राज्य मिळून ठरवणार. गावाची संमती लागेल असं मूळ कायद्यात कुठेच नव्हतं. कोळशासाठी त्याच वर्षी कोळसाधारक क्षेत्र संपादनाचा स्वतंत्र कायदा झाला. संपादनाचा इरादा राजपत्रात जाहीर होतो आणि तिथून ३० दिवसांत हरकत घ्यायची असते. त्यातलं एक स्पष्टीकरण मुद्दाम सांगण्यासारखं आहे: ‘या जमिनीतला कोळसा मीच काढतो, सरकारने काढू नये’ असं कोणी म्हटलं, तर ती हरकतच धरली जात नाही. देश उभारण्यासाठी कोळसा हवा होता हे मान्य. पण मालकाचं तोंड कायद्यानेच इतकं घट्ट बांधायची गरज होती, असं मला वाटत नाही.

खालचं सगळं सरकारचंच, हे काही देशभर सरसकट खरं नाही. केरळच्या मलबार भागातल्या जमीनमालकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये सांगितलं की, कायदेशीर मार्गाने काढून घेतला नसेल तर खनिजावरचा हक्क साधारणपणे जमिनीच्या मालकाचाच. आपल्याकडे संहितेनेच तो काढून घेतल्यामुळे या निकालाचा आपल्या शेतकऱ्याला फारसा आधार नाही.

आदिवासी भागात चित्र बदललं ते नव्वदच्या दशकात. दिलीपसिंह भुरिया समितीच्या शिफारशींवरून डिसेंबर १९९६ मध्ये पेसा कायदा, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांत पंचायत राज नेणारा कायदा आला. पुढच्याच वर्षी ‘समता’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आंध्रच्या अनुसूचित क्षेत्रात बिगरआदिवासी खासगी कंपन्यांना दिलेले खाणपट्टे रद्द ठरवले. पेसामध्ये मात्र एक मोठी फट राहून गेली. ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस सक्तीची केली ती फक्त गौण खनिजांसाठी. म्हणजे नाल्यातली वाळू, टेकडीचा मुरूम काढायचा तर विचारायचं. लोहखनिजासाठी डोंगरच्या डोंगर पट्ट्यावर द्यायचा, तर ती अट नाही. जमीन संपादनाआधी सल्लामसलत करावी असं कलम आहे, पण सल्ला म्हणजे संमती नव्हे. त्यातही महाराष्ट्राचे पेसा नियम यायला २०१४ साल उजाडलं.

खरं बळ दिलं ते जंगलात राहणाऱ्यांचे जंगलावरचे हक्क मान्य करणाऱ्या २००६ च्या वनहक्क कायद्याने. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा वर्षानुवर्षं देणाऱ्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच वर्षी ३ ऑगस्टला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढलं: जंगलजमीन दुसऱ्या कामासाठी द्यायची असेल तर त्या भागातल्या ग्रामसभांची संमती आधी जोडा.

त्याची कसोटी लागली ओडिशात, नियमगिरीवर. लांजीगडच्या ॲल्युमिना कारखान्यासाठी डोंगरमाथ्यावरचं बॉक्साइट हवं होतं आणि डोंगरिया कोंधांसाठी तो डोंगर म्हणजे नियमराजा, त्यांचा देव. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितलं. १२ गावं निवडली राज्य सरकारने. जुलै-ऑगस्टच्या पावसात गावोगाव सभा बसल्या, निरीक्षक म्हणून न्यायाधीश हजर राहिले. बायाबापड्या उठून आपल्या भाषेत बोलल्या, ठरावावर अंगठे उमटले. बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं आणि खाण थांबली. गावाचा नकार कागदावर नीट उतरला आणि तो पाळलाही गेला, असं उदाहरण आपल्या देशात विरळाच.

त्याच काळात पैशाच्या वाट्याचीही चर्चा चालू होती. कोळसा खाणींच्या नफ्यातले २६ टक्के बाधितांना द्यावेत असं २०११ च्या खाण विधेयकात होतं. ते विधेयक लोकसभेबरोबरच बारगळलं. १९५७ च्या खाण कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणबाधितांसाठीचा जिल्ह्याचा निधी आला. जुन्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के, लिलावातल्या पट्ट्यांवर १० टक्के रक्कम त्यात जमा होते. रस्ते, पाणी, दवाखाने यासाठी ती हवीच. पण हा पैसा येतो तो खाण ठरल्यानंतर. खाण हवी की नको, हे त्यातून कोणी विचारत नाही.

नंतर काटा उलटा फिरला. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी वनहक्कांची पूर्तता जंगलजमीन द्यायच्या केंद्राच्या अंतिम मंजुरीनंतरची, राज्याने बघायची बाब करून टाकली. म्हणजे गावाची पाळी सगळं ठरून गेल्यावर.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडला हे सगळे धागे एकत्र येतात. डोंगरावर ठाकूरदेव आहे, दर जानेवारीत माडिया गोंडांची यात्रा भरते. लोहखनिजाचा पट्टा २००७ चा, सुमारे ३४८ हेक्टरचा. वनहक्क कायदा प्रत्यक्ष लागू झाला तो १ जानेवारी २००८ च्या तोंडावर, म्हणजे पट्टा दिल्यानंतर. खाणीची क्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर न्यायची ठरली, तेव्हा जनसुनावणी आली. पर्यावरण आघात मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना सांगते, सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ घ्यावी. २७ ऑक्टोबर २०२२ ची सुनावणी झाली गडचिरोलीत, जिल्ह्याच्या ठिकाणी. खाणीच्या पायथ्याच्या माणसाला आपलं म्हणणं मांडायला आधी शंभराहून जास्त किलोमीटर जावं लागणार होतं.