मुलं लहान, म्हणून आफ्रिका नको?

‘पोरं लहान आहेत ना? मग आफ्रिका नको, मलेरिया होतो,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर किंवा केनियातलं मसाई मारा, या जंगलांच्या सफारीसाठी ती भीती रास्तच. पण दक्षिण आफ्रिकेतली पिलानेसबर्ग, मादिक्वे आणि अ‍ॅडो ही जंगलं मलेरियामुक्त भागात येतात. पिलानेसबर्ग तर विझलेल्या ज्वालामुखीच्या कुशीत, जोहान्सबर्गहून गाडीने साधारण अडीच तासांवर. सिंह, हत्ती, गेंडे, सगळे आहेत.

खरी अडचण वेगळीच. बरेच लॉज ६ वर्षांखालच्या मुलांना उघड्या जीपमध्ये घेत नाहीत. पिलानेसबर्ग आणि अ‍ॅडोत मात्र आपली भाड्याची गाडी चालते. पोर किरकिरलं की वळवा माघारी! केनियाला जायचं तर पिवळ्या तापाची लस आलीच, आणि ती ९ महिन्यांखालच्या बाळाला सहसा देत नाहीत.