तांब्याच्या पोटातली खिडकी

स्टीलच्या तांब्यात दिसणाऱ्या खिडकीचा फोटो काढताना पहिली चूक ठरलेली. आपण तांब्यावर फोकस करतो. ओरखडे आणि पाण्याचे डाग लख्ख उमटतात, खिडकी मात्र पुसट. कारण प्रतिबिंब तांब्यावर 'पडतं' हा समजच चुकीचा आहे. खिडकी तांब्यावर नसतेच, ती त्याच्या पोटात असते.

किती आत? हा हिशेब मला फार आवडतो. तांब्याचा फुगीर भाग म्हणजे बहिर्वक्र आरसा. त्याची त्रिज्या 6 सेंमी धरली तर नाभीय अंतर (अगदी दूरची वस्तू आरशामागे जिथे दिसते, तिथपर्यंतचं अंतर) निम्मं, 3 सेंमी. खिडकी 200 सेंमीवर आहे. 1/3 मध्ये 1/200 मिळवायचे आणि बेरजेचा व्यस्त घ्यायचा : 2.96. म्हणजे खिडकीची आभासी प्रतिमा पृष्ठभागामागे 2.96 सेंमीवर. 4 मीटरवरच्या झाडाची 2.98 वर आणि आकाशातल्या ढगाची 3 वर. दोन मीटरपासून ढगांपर्यंतचं अख्खं जग अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ पापुद्र्यात बसलेलं! म्हणून एकदा फोकस जुळला की चौकट, गज, झाड, ढग सगळं एकदम रेखीव येतं. सपाट आरशात हे होत नाही. तिथे खिडकी दोन मीटर मागे, झाड चार मीटर मागे, प्रत्येकाचं अंतर जसंच्या तसं.

फोन वीतभर अंतरावर धरा. आधी ओरखड्यावर टॅप करा, मग खिडकीवर. दुसऱ्या फोटोत ओरखड्यांवरचे चमचमते ठिपके फुगून मऊ, गोल चकत्या झालेले दिसतील.

याच चकत्या जुन्या वाड्यांतल्या रात्रीच्या फोटोंत 'आत्मे' म्हणून फिरवल्या जातात. भिंगाजवळ तरंगणारा धुळीचा कण फ्लॅशने उजळतो, फोकसबाहेर राहतो आणि त्याची चकती होते. तेवढ्यावरून घाबरलेल्या माणसाच्या गळ्यात शांती मारणं ही शुद्ध लुबाडणूक आहे.

1916 साली पॉल स्ट्रँड या अमेरिकन छायाचित्रकाराने घरातले साधे वाडगे इतक्या जवळून टिपले की वाडग्यांआधी नुसत्या वक्ररेषा आणि सावल्याच नजरेत भरतात. त्यासाठी वेगळी भांडी लागत नाहीत.

आमच्या तांब्याला एक पोचा आला आहे. पोचा खोलगट, म्हणजे तेवढ्यापुरता अंतर्वक्र आरसा. त्यात खिडकी उलटी दिसते आणि तिची प्रतिमा पोटात नाही, तांब्याच्या अलीकडे हवेत तयार होते. फोकस धातूच्याही अलीकडे ओढावा लागतो. बऱ्याच खटपटीनंतर तो फोटो मिळाला : बोटाच्या नखाएवढी उलटी खिडकी, तिचे गज मोजता येतील इतके स्पष्ट आणि मागे तांब्याचं नुसतं रुपेरी धुकं.