स्पीकर तानपुरा का खातो

आमच्या किचनमध्ये फ्रिजशेजारी एक कॅलेंडर लटकतं, त्याच्या चौकटीत आई दुधाचा हिशोब लिहिते, अर्धा लिटर जादा, आज नाही, वगैरे. गेल्या डिसेंबरात त्यात वेगळ्याच नोंदी दिसायला लागल्या. "८.१२ गेलं." "८.१५ परत गेलं." "रात्री १०.४० तीनदा." म्हटलं हे काय? तर म्हणाली, तुझे ते स्पीकर तानपुरा खातात, मी रियाजाला बसले की मधेच सा गायब, आणि तुला सांगितलं की तू म्हणतोस तुला भास होतो, म्हणून लिहून ठेवलंय.

मला खरंच भास वाटायचा, कारण मी लावतो त्या गाण्यांत कधी काही जाणवलं नव्हतं. चार स्पीकर आहेत, हॉल, किचन आणि दोन बेडरूम, सगळे वायफायवर आणि एका ग्रुपमध्ये, म्हणजे चारही खोल्यांत एकच गाणं एकाच वेळी वाजतं. मग एक दिवस आईसारखा तानपुरा लावून गप्प बसलो आणि दहा मिनिटांत चारदा पकडलं. ढोलकी-गिटारवाल्या गाण्यात आवाज नाहीतरी सतत तुटत-उमटत असतो, त्यात एखादी फट लपून जाते. तानपुरा अखंड वाहतो, त्यात काही मिलिसेकंदांची फट पडली तरी कानाला खट्ट ऐकू येतं. डोळा याबाबतीत बराच दिलदार आहे, व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं असतात आणि त्यातलं एखादं, म्हणजे ४० मिलिसेकंदांचं, गळालं तर बहुतेकांना पत्ता लागत नाही. कानाला तेवढ्या वेळाचं मौन म्हणजे मोठा खड्डा. म्हणून कोणाचे स्पीकर अडखळत असतील तर माझा पहिला सल्ला हाच, तानपुऱ्याचं ॲप लावा आणि ऐका, फुकट आहे आणि काही लपवत नाही.

पहिली चूक मी केली ती सगळेच करतात. इंटरनेटवाल्याला फोन केला, त्याने १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करून दिला, पैसे गेले, तानपुरा होता तिथेच. हिशोब आधी करायला हवा होता. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डावा-उजवा धरून दोन चॅनेल, गुणाकार केला की होतात सेकंदाला साधारण १४ लाख बिट, म्हणजे १.४ एमबीपीएस. म्हणजे जुन्या १०० च्या प्लॅनमध्येसुद्धा सत्तर गाणी एकदम मावली असती. प्रश्न किती पाणी येतं हा नव्हताच, वेळेवर येतं का हा होता.

पाण्याचंच उदाहरण घेऊ. आमच्या डोंबिवलीत बिल्डिंगला पाणी ठरावीक वेळ येतं पण नळ दिवसभर चालतो, कारण गच्चीवर टाकी आहे. स्पीकरमध्येही अशी टाकी असते, तिला बफर म्हणतात, आवाजाचे तुकडे येऊन त्यात साठतात आणि तिथून वाजतात. मग टाकी मोठी का नाही ठेवत? कारण तुम्ही पॉज दाबल्यावर गाणं लगेच थांबायला हवं, टीव्हीचा आवाज जोडला तर तो माणसाच्या ओठांबरोबर यायला हवा, शिवाय चारही खोल्या एका तालात हव्यात. त्यामुळे इंटरनेटकडून येणाऱ्या बाजूला टाकी मोठी असली तरी स्पीकर-स्पीकरमधली बऱ्याचदा लहान ठेवावी लागते.

आणि हे एका तालात प्रकरण वाटतं तेवढं सोपं नाही. प्रत्येक स्पीकरमध्ये क्वार्ट्झचं घड्याळ असतं आणि कुठलीही दोन घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. समजा एक दहा लाखात २० ने पुढे धावतंय आणि दुसरं तेवढंच मागे, तर तासाभरात दोघांत १४४ मिलिसेकंदांचा फरक पडतो. दोन आवाजांत तीस-चाळीस मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडलं की कान ते वेगळे ऐकायला लागतो आणि तबल्याची एक थाप दोन वाटते. म्हणून स्पीकर सतत एकमेकांना वेळ विचारत असतात आणि आपली चाल किंचित कमीजास्त करत राहतात, आणि आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर तो अमुक क्षणी वाजवायचा असा शिक्का असतो. आता गंमत बघा, तुकडा हरवला नाही, नीट पोचला, पण तो क्षण उलटून गेल्यावर पोचला, तर स्पीकर तो फेकून देतो. ८.१७ ची फास्ट सुटल्यावर जिना चढून आलेल्या माणसाकडे पास असून उपयोग काय.

आता हे तुकडे उशीर का करतात? आमच्या सिस्टिममध्ये, आणि अशा बऱ्याच सिस्टिममध्ये, चारातला एक स्पीकर म्होरक्या असतो, तो इंटरनेटवरून गाणं घेतो आणि बाकी तिघांना वाटतो. तुकडा राउटरकडून म्होरक्याकडे आला, ही हवेतली एक खेप. मग त्याच्या तीन प्रती, प्रत्येक आधी राउटरकडे आणि तिथून त्या-त्या स्पीकरकडे, म्हणजे आणखी सहा. एका तुकड्यासाठी सात खेपा! आणि वायफायवर एका चॅनेलवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या एका ठरलेल्या वाटेवर, एका वेळी एकानेच बोलायचं असतं, आधी कान देऊन ऐकायचं, कोणी बोलत असेल तर थांबायचं, टक्कर झाली तर दोघांनी मनातल्या मनात कुठला तरी आकडा धरून तेवढं थांबायचं आणि परत प्रयत्न, परत टक्कर झाली तर थांबण्याची मुदत दुप्पट. या कुळाचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठाचं अलोहानेट, नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये बेटाबेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओने जोडायला उभं केलेलं, आणि त्यात तर आधी ऐकायचीही पद्धत नव्हती, बोलून मोकळं व्हायचं.

रात्री साडेदहाच्या नोंदींचं उत्तर इथे मिळालं. फोनवर वायफाय ॲनालायझरचं ॲप घेतलं आणि २.४ गिगाहर्ट्झवर २३ नेटवर्क दिसली. समोरची बिल्डिंग आमच्या गॅलरीपासून दहा-बारा फुटांवर आहे, त्यांची भांडणं ऐकू येतात तर वायफाय येणारच. या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल असतात पण ती एकमेकांवर चढलेली आहेत, एकमेकांना न भिडणारी तीनच निघतात, १, ६ आणि ११. त्यात कोणीतरी हुशारी करून राउटर ३ वर ठेवला होता, रिकामा दिसला असेल. हे सगळ्यात वाईट, एकाच चॅनेलवरचे दोन राउटर निदान एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि थांबतात, ३ वाल्याचं बोलणं १ आणि ६ या दोघांनाही नुसती खरखर म्हणून ऐकू येतं. तो कोण ते सापडलं नाही, आम्ही ११ वर गेलो आणि रात्रीच्या नोंदी निम्म्याने कमी झाल्या. मग म्होरक्या स्पीकरला सरळ लॅन केबल लावली, खेपा सातावरून तीनवर आल्या, आणि उरलेल्या रात्रीच्या नोंदीही संपल्या. वायरलेस सिस्टिमचा सगळ्यात गुणकारी इलाज वायर आहे हे लिहायला जरा लाज वाटते पण आहे तसं आहे.

सकाळचं ८.१२ मात्र हटेना. ते मायक्रोवेव्ह होतं, मला संशय होताच कारण बाबांचा चहा त्याच सुमाराला दुसऱ्यांदा गरम होतो आणि किचनचा स्पीकर ओव्हनच्या डोक्यावरच ठेवलेला. ओव्हन साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे वायफायच्याच पट्ट्यात. त्याच्या पेटीतून थोडं गळतं, धोकादायक नाही, सुरक्षिततेची नेहमीची मर्यादा ५ सेंटीमीटर अंतरावर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॅट अशी आहे आणि चांगला ओव्हन त्याच्या खूप खाली असतो. पण आमच्या किचनपर्यंत राउटरचा सिग्नल पोचतो तो एका मिलिवॅटचा जेमतेम दहा लाखावा भाग. मंदिरात कोणी कुजबुजतंय आणि शेजारी घंटा वाजतेय, तसं.

तरी यात एक फट आहे. साध्या ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेच्या प्रत्येक २० मिलिसेकंदांतल्या निम्म्या वेळातच ओरडतो, उरलेले साधारण १० मिलिसेकंद शांत. तेवढ्यात वायफायचे कितीतरी तुकडे निघून जाऊ शकतात. मग अडतं कुठे? राउटरच्या समजुतीत. समोरून पोच आली नाही की राउटरला वाटतं समोरचा लांब गेलाय, म्हणून तो हळूहळू आणि स्पष्ट बोलायला लागतो, जसं आपण कमी ऐकू येणाऱ्या आजोबांशी बोलतो. हळू बोलणं म्हणजे जास्त वेळ बोलणं. १५०० बाइटचा तुकडा अगदी खालच्या, १ एमबीपीएसच्या वेगाने पाठवला तर १२ मिलिसेकंद लागतात आणि शांतता आहे दहाची, मग तो चिरडला जाणारच, आणि जितका चिरडला जाईल तितका राउटर आणखी हळू! मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

ओव्हनने फसवलेले आपण एकटे नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीवर कितीतरी वर्षं अधूनमधून विचित्र लहरी यायच्या, आकाशातून आल्यासारख्या. २०१५ मध्ये उलगडा झाला, तिथलंच कोणीतरी ओव्हन पूर्ण थांबायच्या आत त्याचं दार उघडत होतं. त्यामुळे बाबांना मी काही बोललो नाही, स्पीकर उचलून खिडकीजवळ ठेवला. तिथेही पहिल्यांदा नीट चालेना, मग दोन बोटं डावीकडे सरकवला आणि चालला. हा जादूटोणा नाही, २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटरची असते, भिंती-भांड्यांवर आपटून परतलेल्या लहरी कुठे एकमेकींत भर घालतात तर कुठे एकमेकींना मारतात, आणि बहराच्या जागेपासून मेलेल्या जागेचं अंतर जेमतेम तीन सेंटीमीटर असू शकतं.

मधे एक आठवडा मला वाटलं सगळं संपलं आणि मग हॉलमधलाच स्पीकर, राउटरपासून चार फुटांवरचा, बिघडला. कॅलेंडरवर बघितलं, पहिली नोंद कधीची, तर मी राउटरच्या पाठीमागे बॅकअपची हार्ड डिस्क लावली त्या संध्याकाळची. यूएसबी ३ ची केबल आणि प्लग चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट सोडतात, यावर इंटेलने २०१२ मध्ये सविस्तर टिपण काढलेलं आहे. डिस्क मीटरभर लांब नेली, बरं झालं.

शेवटचा राहिला तो आईच्या बेडरूमचा, तो कधीही जायचा, घड्याळाशी काही संबंध नाही, मी चॅनेल बदलून, स्पीकर सरकवून, राउटर रिस्टार्ट करून दमलो. एका दुपारी आई म्हणाली, अरे मी साडी काढायला गेले की जातं. कपाट! लोखंडी, एका दाराला आतून आरसा, ते दार उघडलं की बरोबर खोलीच्या दाराच्या आणि स्पीकरच्या मधे उभं राहतं, म्हणजे राउटरकडून येणाऱ्या वाटेत पत्र्याची भिंत, वर आरशाच्या पाठीचा धातूचा मुलामा. तानपुरा लावून मी दार दहादा उघडलं-मिटलं, आठदा आवाज तुटला. स्पीकर ड्रेसिंग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला.

आता चौकटींत परत नुसतं दूध असतं. मधे एकदा २१ तारखेला "८.१४ गेलं" दिसलं आणि मी ॲप उघडून बसलो, तर आई म्हणाली, ते लाईट गेले होते रे.