शेवटचे भाषण आणि हरवलेला स्लाय: ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ची पार्श्वभूमी

शेक्सपिअरचे हे नाटक १५९० च्या दशकाच्या सुरुवातीचे. छापले गेले १६२३ च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या एकत्रित ग्रंथात. हुंड्यासाठी पेट्रुकिओ फटकळ कॅथरिनाशी लग्न करतो आणि तिला वठणीवर आणतो, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण ही सारी गोष्ट म्हणजे नाटकातले नाटक आहे. क्रिस्टोफर स्लाय हा भांडी सांधणारा दारुडा गुत्त्याबाहेर झिंगून पडतो. एक उमराव गंमत म्हणून, तू सरदार आहेस असे त्याला पटवतो आणि नटांकडून त्याच्यापुढे हा खेळ करवतो.

खरी अडचण इथे आहे. फोलिओत पहिल्या अंकाच्या पहिल्या प्रवेशानंतर स्लायला एकही वाक्य नाही. १५९४ मध्ये छापलेल्या ‘द टेमिंग ऑफ अ श्रू’ या निनावी नाटकात मात्र तो शेवटी जागा होतो आणि स्वप्नात शिकलेला धडा बायकोवर चालवायला घरी निघतो. त्यामुळे स्लायच्या गोष्टीची ही बाहेरची चौकट गाळायची, अर्धवट सोडायची की १५९४ चा शेवट जोडायचा, हे दिग्दर्शकालाच ठरवावे लागते. चौकट राहिली, तर नवऱ्यापुढे नमण्याचे कॅथरिनाचे चाळीसहून अधिक ओळींचे शेवटचे भाषण एका दारुड्याच्या करमणुकीचा भाग वाटते. ती गाळली की तेच भाषण नाटककाराचा उपदेश होऊन बसते.

दुसरी कसोटी चौथ्या अंकाची. पेट्रुकिओ बायकोला उपाशी आणि जागी ठेवतो. ससाणा माणसाळवण्याची ही रीत आहे आणि ती उपमा तो स्वतःच देतो. ताटे भिरकावण्याचा प्रसंग वेगात झाला की हशा पिकतो. गती जरा मंदावली की समोर भुकेली बाई दिसू लागते.

शेक्सपिअरचा समकालीन नाटककार जॉन फ्लेचरने ‘द टेमर टेम्ड’ लिहून पेट्रुकिओला दुसऱ्या बायकोच्या हाती दिले. १६३३ मध्ये राजदरबारात दोन्ही नाटके झाली. पुढे नट डेव्हिड गॅरिकच्या तीन अंकी ‘कॅथरिन अँड पेट्रुकिओ’ने (१७५४) मूळ नाटक जवळजवळ झाकून टाकले. त्यात स्लाय नव्हता, कॅथरिनाची धाकटी बहीण बियांका हिला येणाऱ्या मागण्यांचे उपकथानक नव्हते आणि शेवटच्या भाषणाचा काही भाग पेट्रुकिओच्याच तोंडी गेला होता. नट जॉन फिलिप केंबलने पेट्रुकिओच्या हाती चाबूक दिला आणि तो कितीतरी वर्षे टिकला. पूर्ण संहिता परतली १८४४ मध्ये, लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहात. बेंजामिन वेब्स्टरच्या त्या प्रयोगात स्लाय रंगमंचावर बसून असे.

मराठीत वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी याचे ‘त्राटिका’ केले. १८९० च्या दशकात शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या प्रयोगात प्रतापराव (म्हणजे पेट्रुकिओ) होते गणपतराव जोशी आणि त्राटिका (म्हणजे कॅथरिना) बळवंतराव जोग. लंडनमध्ये तेव्हा स्त्रियाच ही भूमिका करत. पुरुषाने कॅथरिना करण्याची शेक्सपिअरच्या काळची रीत मराठी रंगभूमीवर जिवंत होती, हे मला फार मोलाचे वाटते.

१९७८ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी मायकेल बोग्दानोव्हने चौकट थेट प्रेक्षागृहात आणली. जोनाथन प्राइस दारुडा प्रेक्षक बनून नेपथ्य मोडत वर चढे आणि पुढे तोच पेट्रुकिओ होई. २००३ मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात फिलिडा लॉइडने सगळ्या भूमिका स्त्रियांना दिल्या. २०१९ मध्ये जस्टिन ऑडिबर्टने रॉयल शेक्सपिअर कंपनीत स्त्री-पुरुषांची अदलाबदल केली. तिथे शेवटचे भाषण पुरुषाने बायकोपुढे केले.