सर्फबोर्डवरचं चित्र: रंग कुठल्या थरात?

हवाई बेटांवर सर्फबोर्ड, म्हणजे लाटांवर स्वार होण्याची फळी, रंगवणं आणि फळीचं पाण्यापासून रक्षण करणं, ही दोन वेगळी कामं नव्हतीच. कोआ (बाभळीच्या कुळातलं झाड), विलीविली (आपल्या पांगाऱ्याचा भाऊबंद) किंवा नीरफणसाच्या लाकडाची फळी तासायची, पोवळ्याच्या खडकाने आणि खरबरीत दगडाने घासून सारखी करायची आणि मग तिला रंग पाजायचा. ‘टी’ (चहा नव्हे) नावाच्या झाडाची मुळं, कुकुईची (जंगली अक्रोडाची) कुटलेली साल, तिच्या जाळलेल्या बियांची काजळी, केळीच्या कोवळ्या कोंबांचा रस, हे सगळं त्या रंगात असे. वरून तेलाचा हात. 1820 च्या दशकात तिथे राहिलेले मिशनरी विल्यम एलिस यांनी लिहून ठेवलंय की लाटांवरून परतल्यावर लोक फळी उन्हात वाळवत, खोबरेल चोळत आणि बरेचदा कापडात गुंडाळून घरात टांगून ठेवत. रंग लाकडात मुरलेला असल्यामुळे त्याचे पोपडे निघण्याचा प्रश्नच नव्हता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेडवुड लाकडाच्या फळ्यांवर वॉर्निश आलं आणि रंग व आवरण वेगळे झाले. वॉर्निशखाली नाव, चिन्ह, पट्टे दिसू लागले. लॉस एंजेलिसच्या ‘पॅसिफिक सिस्टिम होम्स’ या कंपनीने 1930 च्या दशकात विकलेल्या बोर्डांवर चक्क स्वस्तिक असे, शुभचिन्ह म्हणून. जर्मनीत त्याचं काय झालं ते दिसल्यावर महायुद्धाच्या तोंडावर कंपनीने नाव आणि चिन्ह दोन्ही बदललं. वॉर्निश मात्र तडकायचं, पाणी प्यायचं, दर मोसमात पुन्हा लावावं लागायचं.

खरी उलथापालथ केली ती दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आणि पॉलिएस्टर रेझिन या घट्ट होणाऱ्या द्रवाने. कोकणातल्या फायबरच्या होड्या बनतात ते हेच सामान. काचेचं पांढरं कापड फळीवर अंथरलं आणि त्यावर रेझिन ओतून रबरी पट्टीने पसरवलं, की ते भिजत जातं तसं पारदर्शक होतं आणि खालचं सगळं लख्ख दिसू लागतं. चित्र काचेखाली ठेवता येतं ते याच गुणामुळे. कंपन्यांचे लोगो आजही ‘राइस पेपर’ नावाच्या पातळ कागदावर छापून कापडाखाली ठेवतात. कागद रेझिनमध्ये दिसेनासा होतो, अक्षरं राहतात.

1958 च्या सुमारास कॅलिफोर्नियात होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी बाल्सा या हलक्या लाकडाऐवजी पॉलियुरेथेन फोम रुळवला. सुरुवातीच्या फोममध्ये बुडबुडे, खड्डे, डाग भरपूर. रेझिनमध्येच अपारदर्शक रंग मिसळून बोर्ड मढवला की सगळं झाकलं जाई. साठच्या दशकातल्या त्या झळाळत्या रंगांमागे कलेइतकीच ही लपवाछपवीही होती, असं माझं मत. बारीक रेघेचंही तेच. रंगीत कापड कडेवरून दुमडलं की दोन थर एकावर एक येतात आणि तिथे गडद पट्टा उमटतो. म्हणून मास्किंग टेप लावून, रेझिन अर्धवट घट्ट असताना, जादाचा भाग ब्लेडने कापतात. ती कापलेली कड कितीही सफाईने कापली तरी थोडी ओबडधोबड राहतेच. तिच्यावर ओढलेली रेघ म्हणजे ‘पिनलाइन’. वरून ग्लॉसचा शेवटचा हात आणि पॉलिश.

हे सगळं वजनदार होतं. 1967-68 मध्ये बोर्ड झपाट्याने आखूड आणि हलके झाले, तेव्हा रंगीत रेझिनचं ओझं नको झालं. मग रंग आणखी खाली, थेट घासलेल्या फोमवर गेला, एअरब्रशने. पातळ फवाऱ्याला वजन जवळजवळ नाही आणि छटा एकमेकींत विरघळवता येतात. ऑस्ट्रेलियात टेरी फिट्झगेराल्ड यांचे ‘हॉट बटर्ड’ बोर्ड अशा चित्रांमुळे सत्तरच्या दशकात गाजले. ऐंशीचं दशक निऑनचं. नव्वदीत स्पर्धकांचे बोर्ड पुन्हा पांढरे झाले. प्रायोजकांचे स्टिकर ठळक दिसायला ते सोयीचंच.

एअरब्रशसाठी कारखाना लागतो. पोस्कासारख्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगाच्या पेनांनी ही अट मोडली. कॅलिफोर्नियातले चित्रकार ड्र्यू ब्रोफी यांनी ती बोर्डांवर लोकप्रिय केली. पण इथे रंग काचेच्या वर बसतो, म्हणून जुनी कटकट परत आली. पायाची पकड राहावी म्हणून लावलेलं मेण कणभर जरी राहिलं, तरी रंग धरत नाही. ते खरवडून, पुसून, पॉलिश पेपरने चमक घालवावी लागते. रंग पूर्ण सुकल्याशिवाय आवरण चढवायचं नाही. स्प्रेचा क्लिअर कोट असेल तर पहिले एक-दोन हात धुक्यासारखे हलके. एकदम जाड मारला तर रेघा ओघळतात. रेझिनचा हात जास्त टिकतो, पण वजन वाढतं आणि पुन्हा घासकाम आलं. गडद रंग भरभरून वापरणाऱ्यांना उन्हाचाही हिशेब ठेवावा लागतो. काळा बोर्ड गाडीच्या टपावर तापला की काच फोमपासून सुटून फुगे येतात.

5 डिसेंबर 2005 रोजी क्लार्क यांनी आपला कारखाना अचानक बंद केला. अमेरिकेतल्या बहुतेक शेपर्सचा (बोर्डाला आकार देणाऱ्यांचा) फोम तिथूनच यायचा. त्यानंतर थर्मोकोलसारखा इपीएस फोम आणि इपॉक्सी रेझिन यांचा वापर वाढला, आणि रंगवणाऱ्यांसाठी नियम बदलले. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन इपीएसला विरघळवतं, आणि डब्यातले बरेचसे स्प्रे रंगही त्याला खातात. त्यामुळे उघड्या इपीएसवर पाण्याचाच रंग, आणि वर इपॉक्सी.