कमोडोर पेरी म्हणजे कोणता, लेक एरीवाला की जपानवाला?

बऱ्याच ठिकाणी नुसतं 'कमोडोर पेरी' लिहितात आणि वाचणारा गोंधळतो, कारण पेरी दोन होते, सख्खे भाऊ, दोघंही अमेरिकन नेव्हीत. तेव्हा त्या नेव्हीत कॅप्टनच्या वर हुद्दाच नव्हता, जो स्क्वाड्रन (जहाजांचा ताफा) सांभाळेल त्याला मानाने कमोडोर म्हणायचे, म्हणून दोघांनाही तेच चिकटलं.

थोरला ऑलिव्हर हॅझर्ड पेरी, जन्म १७८५. त्याचं नाव झालं ते एका दिवसामुळे, १० सप्टेंबर १८१३, लेक एरीवर (अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचं मोठं सरोवर) इंग्रजांशी लढाई. त्याच्या 'लॉरेन्स' जहाजाची पार चाळण झाली, बहुतेक माणसं मेली किंवा जखमी, तरी हा 'जहाज सोडू नका' लिहिलेला निळा झेंडा घेऊन छोट्या होडीतून, तोफांचा मारा चालू असताना, 'नायगारा'वर गेला आणि तिथून लढाई फिरवली. इंग्रजांचं अख्खं स्क्वाड्रन शरण आलं. वय फक्त २८! पण १८१९ मध्ये व्हेनेझुएलाच्या कामगिरीवरून परतताना यलो फीव्हरने गेला, तेही बरोबर ३४व्या वाढदिवशी.

म्हणजे १८५३ ला जपानला गेलेला पेरी ऑलिव्हर असूच शकत नाही.

तो धाकटा, मॅथ्यू कॅलब्रेथ पेरी, जन्म १७९४. सुरुवातीला थोरल्याच्याच हाताखाली 'रिव्हेंज' जहाजावर होता. याचं करिअर सावकाश चढत गेलं आणि मला तरी तेच जास्त मोलाचं वाटतं. नेव्हीतले बरेच जण शिडं सोडायला तयार नव्हते तेव्हा हा वाफेच्या जहाजांमागे लागला, १८३७ ला 'फुल्टन' ही स्टीमर चालवली, नंतर मेक्सिकोच्या युद्धात स्क्वाड्रनही सांभाळलं. जुलै १८५३ मध्ये चार जहाजं घेऊन जपानच्या एडोच्या (आजचं टोकियो) खाडीत शिरला, त्यातली दोन वाफेची, धूर सोडत वाऱ्याविरुद्ध चालणारी, किनाऱ्यावरचे लोक हादरलेच. पुढच्या वर्षी जास्त जहाजं घेऊन परत आला आणि ३१ मार्च १८५४ ला जपानशी कानागावाचा तह झाला, शिमोदा आणि हाकोदाते ही बंदरं अमेरिकन जहाजांसाठी उघडली. हे सगळं तोफांच्या धाकाने झालं हेही स्पष्ट सांगायला हवं, नुसती 'मैत्री' म्हणणं खोटं आहे.

पुढे थोरल्याच्या नावाने क्षेपणास्त्रवाल्या फ्रिगेट्सचा (मध्यम आकाराच्या युद्धनौकांचा) अख्खा क्लास निघाला आणि धाकट्याच्या वाट्याला आलं ते एक मालवाहू जहाज. मला हे अजिबात पटत नाही.