पार्श्वभूमी : खानावळवाली – कामगार की मालकीण?

गिरणगावातल्या खानावळवाल्यांना बँकेच्या दारापर्यंत नेणाऱ्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांची ओळख हल्ली सूक्ष्मकर्जाच्या संदर्भात करून दिली जाते. त्यांची सुरुवात मात्र कामगार चळवळीतली. त्याही आधी गोवा मुक्तिलढ्यात, अगदी कोवळ्या वयात, त्यांनी पायात गोळी झेलली होती. तो भाग स्वतंत्र लिहिण्याजोगा आहे.

1973-74 चा गिरणी संप 42 दिवस चालला. पगार बंद होता, तरी एकटे राहणारे कामगार जेवत होते, कारण चाळीतल्या बायका उधारीवर ताट वाढत होत्या. संप पुकारला युनियनने, तगला तो या चुलींवर. कोकणातून, घाटावरून आलेले हे गडी जेवणाचे पैसे पगाराला द्यायचे. धान्य, तेल, रॉकेल मात्र बाईला आधीच भरावं लागे. वाणी उधार द्यायचा तो चढ्या भावाने. नड वाढली की दागिना गहाण.

बँकेचं कर्ज हा उपाय उघड होता, पण घोडं अडलं एका शब्दावर. खानावळवाली म्हणजे नेमकी कोण? कामगार म्हणावं तर तिला मालक नाही. म्हणजे फंड नाही, बोनस नाही, संपात मागण्यांच्या यादीत नाव नाही. मालकीण म्हणावं तर दुकान नाही. चाळीतली एक खोली, तीही बहुधा नवऱ्याच्या नावावर. शिवाय घरच्याच चुलीवर रांधते, म्हणून ते घरकामच, असाही समज. खरेदी तिची, हिशेब तिचा, बुडालेली उधारीही तिचीच, तरी कागदावर ती फक्त गृहिणी. दुर्बल घटकांसाठी 4 टक्के व्याजाची योजना 1972 पासून होती. ती तिच्यापर्यंत पोहोचायची तर रांधणं हा व्यवसाय ठरायला हवा होता.

1975 मध्ये पहिल्या 14 बायकांना एका राष्ट्रीयीकृत बँकेने कर्ज दिलं आणि तो ठरला. तारण नव्हतं, बायकाच एकमेकींना जामीन राहिल्या. हक्कांसाठी भांडायचं सोडून कर्जाचे हप्ते काय गोळा करायचे, असा आक्षेप यावर घेता येतो आणि तो पोकळ नाही. मला तरी हाच त्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. वाण्याच्या वहीतून सुटल्याशिवाय ही बाई कोणत्या हक्कासाठी उभी राहणार होती?

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपाने मात्र गिऱ्हाईकच नेलं. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, कित्येक गावी परतले ते कायमचे. मग या बायकांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाने कॅन्टीन आणि केटरिंगची कामं घेतली. वाशीला प्रशिक्षण केंद्र आणि नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह उभं राहिलं. पुढे कार्यकर्तीच्या मुलीने बँकेतली नोकरी सोडून पुण्याच्या वस्त्यांत बचत, कर्ज आणि परस्पर विम्याचं (सभासदांनीच एकमेकींसाठी पैसे जमवून चालवलेल्या विम्याचं) काम उभारलं. मूळ कार्यकर्तीला 2002 मध्ये पद्मश्री मिळाली.

2015 च्या मुद्रा योजनेत विनातारण कर्जाचा पहिला टप्पा 50,000 रुपयांपर्यंतचा आहे. कर्जपात्र कामांच्या यादीत रोजचं केटरिंग आणि कॅन्टीन सेवा आता व्यवसाय म्हणून छापलेली आहे.